बंद करून चालू करा

घरातलं नेट गेलं की या देशात कुठेही एकच मंत्र ऐकू येतो: "साहब, एक बार बंद करके चालू कर लीजिए." पोस्टिंग बदलतं, भाषा बदलते, मंत्र बदलत नाही. दक्षिणेत तो इंग्रजीत ऐकला, पंजाबात पंजाबीत ऐकला, आता उत्तर बंगालमध्ये बंगाली वळणाच्या हिंदीत ऐकतोय. या मंत्राशी माझं भांडण आहे. तो कधीच लागू पडत नसता तर लोकांनी केव्हाच सोडून दिला असता. तो बऱ्याचदा लागू पडतो, हीच अडचण आहे.

रायफल अडली की जवान ती आपटत नाही. कॉक करतो आणि आत बघतो. चेंबरमध्ये राउंड आहे, की रिकामी केस अडकली आहे, की मॅगझिनच संपलंय? पुढची कृती त्या बघण्यावर ठरते. हे आपण अठरा वर्षांच्या रिक्रूटला पहिल्या काही आठवड्यांत शिकवतो. तोच माणूस वीस वर्षांनी सुभेदार होतो आणि घरी राउटरसमोर उभा राहून प्लग उपटतो. प्लग उपटला की पुरावा गेला. कोणाला कोणता पत्ता मिळाला होता, कोणता दिवा लाल होता, कोणाचा फोन चालत होता आणि कोणाचा नाही, सगळं पुसलं जातं. दोन मिनिटांनी नेट येतं, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच.

छावणीत हे जास्त होतं, कारण छावणीत नेट वाटून घेतलं जातं. दोन-अडीच वर्षांत बदली. प्रत्येक वेळी नवं कनेक्शन, आगाऊ पैसे, बसवण्याचा खर्च. मग एका ब्लॉकमधली तीन-चार घरं मिळून एक कनेक्शन घेतात, एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत लॅन केबल जाते, आणि पलीकडे कोणीतरी मागच्या पोस्टिंगचा जुना राउटर जोडतो. यात वाईट काही नाही. वाईट हे, की जोडणाऱ्याला आपण काय जोडलं ते माहीत नसतं.

हा जुना राउटर हेच बहुतेक वेळा दुखण्याचं मूळ असतं, म्हणून तो नीट समजून घ्या. बाहेरून घराला सहसा एकच पत्ता मिळतो. आत प्रत्येक फोनला, टीव्हीला राउटर स्वतःचा खासगी पत्ता वाटतो. १९२.१६८ ने सुरू होणारे हे आकडे याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत. पत्ते वाटणाऱ्या या सोयीला डीएचसीपी म्हणतात. तिला क्वार्टर मास्टर समजा: नवा माणूस आला की खोली नंबर अमुक, आणि बाहेर जायचं गेट तमुक. आता जुना राउटर लॅन पोर्टमधून लॅन पोर्टला जोडला आणि त्याचं डीएचसीपी चालूच ठेवलं, तर एका ब्लॉकमध्ये दोन क्वार्टर मास्टर झाले. फोन हाक मारतो, दोघेही उत्तर देतात, ज्याचं आधी पोचेल त्याची खोली घेतली जाते. पहिल्याने दिलेलं गेट बाहेर उघडतं. दुसऱ्याने दिलेल्या गेटामागे भिंत आहे, कारण त्याच्या वॅन पोर्टला काहीच जोडलेलं नाही.

परिणाम काय? एकाच खोलीत बायकोचा फोन चालतो, मुलाचा लॅपटॉप चालत नाही. वायफायची खूण पूर्ण भरलेली आणि खाली "कनेक्टेड, नो इंटरनेट". सगळं बंद करून चालू केलं की पुन्हा शर्यत लागते, या वेळी पहिला क्वार्टर मास्टर जिंकतो आणि मंत्र सिद्ध होतो! मुदत संपली, फोन बाहेर जाऊन परत आला, की पुन्हा नाणेफेक. वर्षभर असं चालतं. "इथलं नेटच भंगार आहे" असा निकाल लागतो आणि कंपनीला शिव्या बसतात.

शोधायला लागतात दोन मिनिटं. जो फोन चालतो आणि जो चालत नाही, दोन्हींच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन आयपी पत्ता वाचा. एक १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि दुसरा १९२.१६८.० ने, तर चोर सापडला. जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करा आणि त्याला पहिल्याच्याच रांगेतला, पण वाटपाबाहेरचा एक पत्ता द्या. किंवा केबल त्याच्या वॅन पोर्टला लावा आणि त्याची रांग मुद्दाम वेगळी ठेवा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, शेजाऱ्याचा प्रिंटर आपल्या फोनवर दिसण्याचं काही कारण नाही. कॉम्प्युटरवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट तिसरीच: त्याला कोणीच पत्ता दिलेला नाही, त्याने स्वतःच्या मनाने घेतलाय. केबल किंवा राउटर बघा.

"साहेब, तुम्ही एनडीएवाले, तुम्हाला जमतं. आमच्या घरच्यांना हे कसं कळणार?" हा आक्षेप मी दर पोस्टिंगला ऐकतो आणि दर वेळी मला राग येतो. मी पायदळातला आहे, सिग्नल्सचा नाही. आणि ज्या घरच्यांबद्दल हे बोललं जातं, त्या कुकरची शिट्टी होत नसेल तर काय करतात? गॅस बंद करून पुन्हा चालू करतात का? आधी रिंग बघतात, मग शिट्टीत भाताचं शीत अडकलंय का ते, मग पाणी. क्रमाने. या बाईला आयपी पत्त्याचे चार आकडे वाचता येणार नाहीत असं म्हणणाऱ्याने स्वतः किती वेळा वाचलेत ते सांगावं.

कारण प्लग उपटण्याची किंमत तीच भरते. नवरा फील्डमध्ये. त्याला फोनसाठी संध्याकाळी दहा मिनिटं मिळतात, तीही हवा ठीक असेल तर. त्या दहा मिनिटांत इकडे चक्र फिरत राहतं. ती राउटर बंद करते, चालू करते, तो पूर्ण सुरू होईपर्यंत तीन मिनिटं गेलेली असतात. बाकीच्या वेळात मुलगी "पप्पा, आवाज येत नाही" एवढंच म्हणते. दुसऱ्या दिवशी "इंजिनिअर" येतो, पाचशे रुपये घेतो, राउटरच्या भोकात पिन घालून फॅक्टरी रीसेट मारतो, पासवर्ड म्हणून तिचाच मोबाइल नंबर टाकतो आणि जातो. राउटरच्या आतला युजर अॅडमिन, पासवर्ड अॅडमिन. पूर्वीच्या सेटिंगची कुठेही नोंद नाही.

पासवर्डचा विषय निघालाच आहे तर हेही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी जो ई-मेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून. त्या घरात राहणाऱ्याला नंतर तपासाला तोंड द्यावं लागलं. पोलिसांना बाहेरून एकच पत्ता दिसतो, आतल्या चार घरांपैकी कोणी काय केलं ते दिसत नाही. कनेक्शन ज्याच्या नावावर, दारावरची थाप त्याच्याकडे. तरीही आपल्या ब्लॉकचा पासवर्ड दूधवाल्यापासून पाहुण्याच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतो. फौजी घरात हे चालतं, याचं मला आश्चर्य वाटायचं थांबलंय, राग यायचा थांबलेला नाही.

आणखी एक जात आहे: मोठा प्लॅन घेणाऱ्यांची. नेट अडखळतं, म्हणून शंभरचं तीनशे करा. अरे, पण अडखळतंय कुठे? राउटरजवळ केबल लावून वेग पूर्ण मिळत असेल आणि बेडरूममध्ये मिळत नसेल, तर तीनशे घेऊनही बेडरूममध्ये तेवढाच मिळणार. जुन्या बंगल्यांच्या जाड विटांच्या भिंती ५ गिगाहर्ट्झला दाद देत नाहीत, आणि २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ब्लॉकमधले सगळे राउटर ६ वर बसले असतील तर तो कोत बाजार आहे, नेट नव्हे. सिमकार्डवर चालणारा डबा असेल तर आणखी एक गोष्ट बघा. तिथे अपलोडची वाट अरुंद असते, आणि एखाद्याचा फोन रात्री आठला लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला लागला की सगळ्यांचा व्हिडिओ कॉल तुटतो. बंद-चालू केलं की फोटो थांबतात, कॉल सुधारतो, पाच मिनिटांनी फोटो पुन्हा निघतात. मंत्र पुन्हा सिद्ध!

सिग्नल्सचा लाइनमन तुटलेली लाइन एका टोकापासून चाचपत बसत नाही. मध्ये जोडतो, दोन्ही बाजूंना घंटी देतो, अर्धी लाइन लगेच वगळतो. घरात मधली जागा म्हणजे राउटर. आधी फायबरच्या डब्यावरचा एलओएस दिवा. तो लाल लुकलुकत असेल तर दोष बहुधा बाहेरचा, आत हात लावू नका, कंपनीला फोन करा आणि "दिवा लाल आहे" एवढंच सांगा. तो ठीक असेल तर राउटरला पिंग. उत्तर आलं नाही तर वायफाय किंवा केबल. आलं तर बाहेर ८.८.८.८ ला पिंग. तिथून उत्तर येतं, पण वेबसाइट नावाने उघडत नाही, तर डीएनएस बघा. कंपनीचा माणूस फोनवर तरीही म्हणेल, "एक बार बंद करके..." म्हणू द्या.

इथे चैत्र-वैशाखात वादळं येतात आणि वीज जवळ पडते. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. गॅलरीतून गॅलरीत टांगलेली लॅन केबल तांब्याची, तिच्यातून झटका येतो आणि दोन्ही बाजूंचे पोर्ट जळतात. आमच्या ब्लॉकमध्ये आता ढग गडगडायला लागले की ती केबल आधी काढली जाते. हे एका हवालदाराच्या बायकोने ठरवलं, आणि कोणत्या पोर्टमधून कुठे काय जातं ते तिने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलंय.