जिन्याखालची पेटी

चाळीत वाढलेल्या माणसाला वायफाय समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. पाणी एकच, बिऱ्हाडं चाळीस, आणि नळ सकाळी दोन तास. मग आधी कुणी भरायचं, किती हंडे भरायचे, कुणाकडे बाळंतीण असली तर काय, हे सगळं ठरवावंच लागतं. आमच्या नायगावात ही ठरवाठरवी भांडणांसकट पिढ्यान्‌पिढ्या चालली. इंटरनेटचंही तेच आहे. फरक एवढाच, की इथे भांडण होत नाही. आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे!

आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या अभ्यासिकेसाठी आणि जिन्यातल्या कॅमेऱ्यांसाठी एक सामाईक कनेक्शन घेतलं. जिन्याखाली एक पेटी बसली. तिला स्विच म्हणतात, पण दिव्याच्या बटणाशी तिचा काही संबंध नाही. मजल्यामजल्यावर छताला ज्या पांढऱ्या थाळ्या लावल्या आहेत, त्यांच्या वायरी या पेटीत येतात आणि आत कुणाला घ्यायचं, कुणाला किती वेग द्यायचा हे ती सांभाळते. बसवायला आलेल्या मुलाला मी शाळेत शिकवत होते असं कळल्यावर त्याने मला सगळं पडद्यावर उघडून दाखवलं. मुलगा हुशार होता, समजावायची हौसही होती.

एकाच वायरीतून तीन वेगळ्या वाटा काढता येतात. सभासदांची एक, पाहुण्यांची एक, कॅमेऱ्यांची एक. पाहुण्यांच्या वाटेने आलेल्याला कॅमेरे दिसत नाहीत. याला व्हीलॅन म्हणतात. मला लोकलमधला बायकांचा डबा आठवला. गाडी तीच, रूळ तेच, मधे भिंत. फोनच्या यंत्र-क्रमांकावरूनही आतबाहेर करता येतं म्हणे, पण हल्लीचे फोन तो क्रमांक स्वतःच बदलून सांगतात, त्यामुळे त्या यादीवर फार विसंबू नये.

आत कोण येतो यावर नजर हवी, याबद्दल माझं दुमत नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचा त्यात काही हात नव्हता, पण चौकशी त्याच्यामागे लागलीच. पुढच्याच महिन्यात तसाच दुसरा ईमेल गेला तो माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून. म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ! नंतर २००९ साली मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत गल्लोगल्ली फिरले. आज स्टेशनवर वायफाय वापरायला मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात, त्यामागे हीच काळजी आहे. तेव्हा दाराला कुलूप हवं. मान्य.

पण कुलूप दिसतं. पासवर्ड चुकला की फोन तसं सांगतो, माणूस विचारायला येतो. त्या पेटीचं दुसरं काम मात्र दिसत नाही. आत आलेल्यांत कुणाला आधी सोडायचं आणि कुणाला ताटकळत ठेवायचं, हेही तीच करते. यासाठी २००५ मध्ये एक जागतिक मानक ठरलं. त्यात वाहतुकीचे चार वर्ग आहेत: बोलणं, चलच्चित्र, नेहमीचं कामकाज, आणि मागून सावकाश आलं तरी चालेल असं. दादरच्या अलीकडे लोकल थांबवून मेलगाडी पुढे काढतात ना, तसंच. शिवाय एकेका वाटेला किंवा एकेका फोनला वेगाची मर्यादा घालता येते. हे गैर नाही. एखादे आजोबा व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलत असताना वरच्या मजल्यावरचे तिघे सिनेमे उतरवत बसले तर आजोबांनी काय करायचं? सगळ्यांना सरसकट सारखं, हा न्याय मला वर्गातही कधी पटला नाही.

प्रश्न आहे तो ठरवणारा कोण याचा. त्या मुलाने कमिटीला विचारलं, "काका, कुणाला किती ठेवू?" कमिटी म्हणाली, "तूच बघ रे, तुला कळतं." त्याने बघितलं. सभासदांना मोकळं सोडलं, आणि पाहुण्यांच्या वाटेला एक एमबीपीएस. त्या वाटेत कोण? वॉचमन, सफाईवाल्या मावशी, आणि भाडेकरू. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंची मुलगी बारावीला आहे, अभ्यासिकेत बसून तासांचे व्हिडिओ बघते. ते अडत अडत चालतात. मला म्हणाली, "आजी, माझा फोनच जुना झालाय." तिला कुणी नाही म्हटलेलं नाही. तिची वाट अरुंद केली आहे, आणि ते तिला कळायला मार्ग नाही. नळावर कुणी हंडा बाजूला सारला असता तर तिच्या आईने सगळी चाळ डोक्यावर घेतली असती.

"ते कुठे मेंटेनन्स भरतात?" असं एक सभासद म्हणाले. भाडेकरूच्या भाड्यातूनच मालक मेंटेनन्स भरतो, वर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही घेते. मग ती पाहुणी कशी?

मोठ्या कंपन्यांना हे असं करता येऊ नये म्हणून देशात केवढा वाद झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावायला मनाई केली, २०१८ मध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं स्वीकारली. आमच्या जिन्याखाली डोकवायला ट्राय येणार नाही, हे उघड आहे. ते आम्हीच करायचं. रेल्वेचं पाहा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला फुकट वायफाय सुरू झालं. तिथेही मर्यादा आहेच, रोज पहिला अर्धा तास फुकट. पण ती हमालाला आणि साहेबाला सारखी आणि आधीच सांगितलेली. केरळात एर्नाकुलम स्टेशनवरचा एक हमाल याच वायफायवर अभ्यास करून २०१८ मध्ये लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला.

माझं म्हणणं फार मोठं नाही. पाण्याच्या वेळा जिथे लावतो त्याच फलकावर वायफायचाही कागद लागावा. किती वाटा, कुठल्या वाटेत कोण, कुणाला किती वेग, हे कुणी ठरवलं आणि बदलायचं तर कुणाला सांगायचं. परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासिकेला पहिला मान. तो मुलगा म्हणाला, पेटीत हे पाच मिनिटांचं काम आहे.

रविवारी सभा आहे. हा विषय 'ऐनवेळी येणारे विषय' यात न ढकलता क्रमांक देऊन घ्यावा, असं पत्र मी सचिवांना दिलं आहे. पोचही घेतली आहे.