विश्लेषण : गरम पाण्याचा वारसा किती पिढ्या?

माणसात मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या वेळीच गुणसूत्रे ठरवतात. अनेक माशांत मात्र पिलू अंड्यातून बाहेर आल्यावरही काही काळ हा निर्णय व्हायचा असतो आणि त्यात पाण्याचे तापमानही हात घालते.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील सिल्व्हरसाइड या जेमतेम वर्षभर जगणाऱ्या माशात डेव्हिड कोनोव्हर आणि बॉइड कायनार्ड यांनी १९८१ मध्ये हे दाखवले. थंड पाण्यातल्या पिलांत माद्या जास्त, उबदार पाण्यात नर. पुढे कोनोव्हर यांच्या प्रयोगशाळेत हे मासे स्थिर तापमानात अनेक पिढ्या वाढवले गेले. सुरुवातीला एकाच लिंगाकडे झुकलेले प्रमाण हळूहळू समसमान होत गेले. कारण सोपे आहे. जे लिंग दुर्मीळ, त्याच्या वाट्याला संतती जास्त. त्यामुळे ते लिंग देणारी जनुके पसरतात.

म्हणजे निसर्ग सांभाळून घेईल? इतकी घाई नको. सिल्व्हरसाइडची वर्षाला एक पिढी होते. उशिरा वयात येणाऱ्या माशाला एवढी सवड कुठली? शिवाय प्रयोगातले तापमान स्थिर होते, समुद्राचे वाढतेच आहे.

त्याहून चिंतेची गोष्ट चीनमधल्या जीभमाशाची; कोकणातल्या लेपीचाच हा भाऊबंद. यात मादीची गुणसूत्रे झेड-डब्ल्यू, नराची झेड-झेड. पिलांना २८ अंश सेल्सिअस पाण्यात वाढवले, की गुणसूत्रांनी मादी असलेली बरीच पिले नर होतात. हे ‘खोटे नर’ बापही होऊ शकतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्या झेड-डब्ल्यू पिलांपैकी बहुतेक पिले साध्या तापमानातही नरच झाली. जनुकांची अक्षरे तीच होती. बदलल्या होत्या त्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा, ज्यांमुळे एखादे जनुक चालू राहते वा बंद पडते. बापाने सोसलेली उष्णता पिलांपर्यंत पोहोचली ती अशी.

मत्स्यपालकासाठी हा थेट पैशाचा प्रश्न आहे, कारण या जातीत मादी नराच्या कितीतरी पट मोठी होते. तळ्याचे पाणी यंदा थंड ठेवले तरी बाप खोटा नर असेल तर उपयोग मर्यादितच. म्हणून बीज केंद्रांनी प्रजननासाठीच्या नराची गुणसूत्रे तपासलीच पाहिजेत. बाहेरून तो नरच दिसतो. समुद्रातल्या साठ्यांचे मोजमापही केवळ टनांत करून भागणार नाही. जाळ्यात नर किती, माद्या किती आणि त्यातले गुणसूत्रांनी खरे किती, ही नोंदही हवी.