आरशाची दुर्बीण आणि बिनआरशाचा कॅमेरा

हल्ली जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येतात. "सर, दुर्बीण घेतली. आता कॅमेरा कोणता घेऊ?" ऐकून बरं वाटतं. पण पुढचं वाक्य असतं, "फुल फ्रेमच घेतो म्हणतोय, हप्ते करून." इथे मात्र माझ्यातला मास्तर जागा होतो.

मंडळी, जरा गणित करू. चंद्र आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापतो. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत त्याची प्रतिमा पडते जेमतेम ११ मिलिमीटरची. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६. म्हणजे लहान सेन्सरवरही चंद्र ऐसपैस मावतो. मोठ्या सेन्सरवर भोवतीचा काळोख तेवढा वाढतो, आणि त्याचेच हप्ते फेडायचे! शिवाय सव्वा इंची नळीतून कॅमेरा जोडलात, तर मोठ्या सेन्सरचे कोपरे अंधारतातच.

मिररलेस घ्यावा याच मताचा मी आहे, पण कारण वेगळं. न्यूटनने १६६८ साली आरशाची दुर्बीण केली; आज आपल्याकडे असते ती बहुधा त्याच जातीची. तिची प्रतिमा नळीच्या थोडीशीच बाहेर तयार होते. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात आरशासाठी जागा ठेवावी लागे, त्यामुळे कॅननच्या ईएफ माउंटमध्ये सेन्सर ४४ मिलिमीटर आत बसतो. सोनीच्या ई माउंटमध्ये तेच अंतर १८. फोकसर पार आत सरकवूनही तारे भोपळ्याएवढे दिसतात, तेव्हा हे वाचलेले मिलिमीटर कामी येतात.

पण गंमत पाहा. नेहमीची टी-रिंग एकूण अंतर ५५ मिलिमीटर व्हावं अशी बनवलेली असते. म्हणजे मिररलेससाठी ती लांब येते आणि कमावलेलं सगळं खाऊन टाकते! म्हणून न्यूटनच्या दुर्बिणीला आखूड अडॅप्टर मागा. भिंगाच्या दुर्बिणीला फ्लॅटनर लावणार असाल तर बहुधा ५५ चीच गरज असते, तिथे नेहमीची रिंग ठीक. आणि आटे तपासा. टी-रिंगचा आटा ४२ मिलिमीटर व्यासाचा, ०.७५ पीचचा. जुन्या स्क्रू लेन्सचाही व्यास ४२च, पण पीच १. दोघांना बळेच फिरवलंत तर आटे गेलेच समजा.

उरलेले पैसे स्टँडवर, म्हणजे माउंटवर घाला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. चंद्राचा फोटो सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो, त्याला काही अडत नाही. मृगातला तेजोमेघ हवा असेल तर मात्र ताऱ्यांमागे फिरणारा माउंट लागतो. त्या मेघाचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश तर साध्या कॅमेऱ्यातली गाळणी बराचसा अडवते, मग तो कॅमेरा कितीही महाग असो. जुन्या बाजारातला एपीएस-सी मिररलेस सुरुवातीला भरपूर झाला. हप्त्यांपायी माउंट राहून गेला आणि कॅमेऱ्याला कपाटात बुरशी धरली, असे प्रकार मी पाहिले आहेत.

असो. जोडताना कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा, सेन्सर उघडाच असतो. मेनूत लेन्सशिवाय शटर चालण्याची परवानगी द्या, नाहीतर सगळं जुळवूनही तो ढिम्म हलत नाही. बटण दाबताना हादरा बसू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा. आणि शुक्ल अष्टमीच्या आसपास सुरुवात करा. पौर्णिमेच्या चंद्रावर विवरांच्या सावल्या जवळजवळ नसतातच.