थोरली बहीण

भाद्रपद शुद्ध पक्षांत अनुराधा नक्षत्र आलें, कीं नांदेड-लातूरकडे घरोघरीं महालक्ष्म्या येतात. पुण्याकडे ज्यांस गौरी म्हणतात त्याच ह्या. आमच्याकडे मात्र दोघी जोडीनें उभ्या राहतात आणि पुढें त्यांचीं बाळें बसतात. दुसऱ्या दिवशीं ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, पुरणपोळी, सोळा भाज्या. तिसऱ्या दिवशीं मुळावर विसर्जन. हें वाचकांस ठाऊकच आहे. दोघींपैकीं एक ज्येष्ठा, दुसरी कनिष्ठा. ही ज्येष्ठा कोण, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं.

शास्त्रीबोवा नक्षत्राकडे बोट दाखवितील, आणि तें खोटें नव्हे. परंतु पुराणांत ज्येष्ठा नांवाची एक देवताच आहे. समुद्रमंथनांत ती लक्ष्मीच्या आधीं निघाली; तिचेंच दुसरें नांव अलक्ष्मी. थोरलीचें लग्न झाल्यावांचून धाकटीचें कसें व्हावें? पद्मपुराण सांगतें, कीं विष्णूनें ती उद्दालक ऋषींस दिली. वेदघोषाच्या आश्रमांत तिला राहवेना, तेव्हां ऋषि तिला पिंपळाखालीं बसवून गेले ते परतलेच नाहींत. तिचें रडणें ऐकून लक्ष्मी धांवली. शनिवारीं ती बहिणीस भेटावयास येते, असें म्हणतात. दक्षिणेंत ज्येष्ठेच्या दगडी मूर्ति आहेत. स्थूल पोट, कावळ्याची ध्वजा, जवळ केरसुणी. गंमत अशी, कीं त्याच केरसुणीला आम्ही दिवाळींत लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतों, आणि त्याच रात्रीं सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवितों!

मिसर देशांतही अशी एक मागें पडलेली बहीण आहे. आयसिसचें नांव जगभर झालें, नेफ्थिसचें राहिलें. वस्तुतः तिच्या नांवाचा अर्थच ‘गृहस्वामिनी’. तिच्या पतीनें, सेतानें, ओसायरिसास मारलें, तरी आयसिसबरोबर शोकास बसली ती हीच. शवपेटिकेच्या पायथ्याशीं आयसिस, तर उशाशीं नेफ्थिस.

आमच्या महालक्ष्म्यांतील ज्येष्ठा आणि पुराणांतील ज्येष्ठा एकच, असा आमचा आग्रह नाहीं. पण कोणतीही गृहिणी थोरलीला हलकें लुगडें नेसवीत नाहीं, हें आम्हीं पाहिलें आहे. मग पहांटेपासून सोवळ्यांत पुरण वाटणारी घरांतली थोरली जाऊ, केवळ पति वारला म्हणून, हळदकुंकवाच्या वेळीं माजघरांत कां बसते? आजही कित्येक घरांत बसते. यंदां ज्येष्ठेच्या मुखवट्यास कुंकू लावावयास तिलाच पुढें बोलवावें, आणि सवाष्णींच्या पंगतींत तिचेंही पान मांडावें, असें आम्ही सुचवितों. सासूबाईंनीं शब्द टाकला तर भटजी नाहीं म्हणावयाचे नाहींत.