‘बिल्ड सक्सेसफुल’ असे कुणी ठरवायचे?

“सर, मराठी तो डब्बे-डब्बे दिख रही है, और उर्दू कुरआन शरीफ के हर्फों जैसी.”

सातवीतल्या मुलीची ही तक्रार. तिच्या पडद्यावर मराठी धड्याच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या रांगा होत्या. उर्दू दिसत होती, पण नस्तालीकमध्ये नव्हे, नस्खमध्ये. आमची मुले अरबी नस्खमध्ये वाचतात आणि उर्दू नस्तालीकमध्ये. पाठ असलेला धडाही त्या वेगळ्या वळणात ती अडखळत वाचत होती.

शाळेतल्या चौदा जुन्या संगणकांवर आम्ही लिनक्स घ्यायचे ठरवले होते. तंत्रज्ञाने डेबियनचा एक साचा, म्हणजे टेम्प्लेट, बांधला आणि तोच सगळीकडे उतरवला. मी तक्रार सांगितली तर उत्तर आले, “सर, बिल्ड तर सक्सेसफुल आहे. फॉन्ट काय, एकेका मशीनवर टाकून देऊ.”

माझा वाद या उत्तराशी आहे.

आधी मूळ गोष्ट. ‘दिले’ हे क्रियापद फळ्यावर एकटे लिहिले की मुले लगेच विचारतात: कोणी? काय? कोणाला? लिनक्समधले पॅकेजही असेच एकटे उभे राहत नाही. त्याला दुसरी पॅकेजे लागतात आणि त्यांची नोंद त्याच्यासोबतच असते. त्यांत दोन दर्जे महत्त्वाचे. ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्यावाचून चालणारच नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे शिफारस: एखादी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर जे सोबत असायलाच हवे. एपीटी आपणहून शिफारशीही बसवते. पण साचा हलका व्हावा म्हणून अनेक जण ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लिहितात आणि शिफारशी सरसकट बंद करतात.

आमच्याकडे नेमके हेच झाले. डेबियनमध्ये ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ नावाचे पॅकेज आहे. ते आमच्या यादीत होते, बसलेही होते. पण त्याच्याखालची टंक वगैरे मंडळी शिफारस म्हणून नोंदलेली. शिफारशी बंद, त्यामुळे दारावर मराठीची पाटी लागली आणि घर रिकामे राहिले. लाल अक्षरातली एकही चूक आली नाही. जे पॅकेज सापडत नाही ते निदान ओरडते. जे ‘किरकोळ’ म्हणून वगळले जाते ते गुपचूप जाते.

ओरडणारी चूकही आमच्याकडे झाली होती, आणि तिचे काय केले तेही ऐका. वायफायच्या फर्मवेअरचे पॅकेज सापडत नाही, असा संदेश आला. तंत्रज्ञाने ती ओळच यादीतून खोडली. बिल्ड पास! कुणी सल्ला दिला, कुठून तरी डेब फाइल उतरवा आणि डीपीकेजीला जबरदस्तीने गिळायला लावा. संदेश मात्र कुणी नीट वाचला नाही. 10 जून 2023 रोजी डेबियन 12, म्हणजे ‘बुकवर्म’, आले तेव्हा फर्मवेअर ‘नॉन-फ्री’ विभागातून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या नव्या विभागात गेले. आमची कृती जुन्या आवृत्तीची होती. भांडारांच्या यादीत एक शब्द वाढवायचा होता, बस्स.

पॅकेज सापडत नाही याचा अर्थ बहुधा ते जगात नाही असा नसतो. आपण चुकीच्या दारात उभे असतो. आवृत्ती कोणती, विभाग कोणता, संगणक 32 बिटचा की 64 बिटचा, पॅकेजचे नाव बदलले का, हे आधी पाहा. डेबूटस्ट्रॅप तर सांगितल्याशिवाय ‘मेन’ विभागापलीकडे बघतच नाही. ‘एपीटी-कॅशे पॉलिसी’ विचारली की पॅकेज कोणत्या भांडारातून मिळते ते कळते. जबरदस्ती केली तर आजचा संदेश गप्प होतो आणि पुढच्या अपडेटला दुप्पट होऊन परततो.

कुणी म्हणेल, जुन्या यंत्रांवर हलका साचा नको का? हवा ना. पण डिस्कवरची जागा वेगळी आणि रॅम वेगळी. टंकाची फाइल डिस्कवर पडून राहते. तिने यंत्र दमत नाही. शिफारशी बंद करायच्या तर जरूर करा, पण मग जे लागते ते नाव घेऊन लिहा. देवनागरीसाठी ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’, नस्तालीक ज्यात आहे तो ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’, दोन्ही लिप्या टंकित करायला ‘आयबस-एम17एन’. तीन नावे. आणि ती साच्याच्या कृतीत लिहा. चौदा यंत्रांवर हाताने टाकलेले टंक पुढच्या वेळी साचा उतरवला की पुन्हा गायब होणार.

दोष एकट्या तंत्रज्ञाचा नाही. इंग्रजी मेनू झळकताना पाहून “ठीक आहे” म्हणणारा मीच होतो. दोन भाषा शिकवणाऱ्या मास्तरने दोन ओळी उघडून पाहिल्या नाहीत. हे काम यंत्रावर सोडताही येत नाही. ‘एफसी-लिस्ट’ला उर्दूचा टंक आहे का विचारले तर नस्ख टंकही “हजर” म्हणू शकतो. नस्तालीक आहे की नाही, हे वाचणाराच सांगेल.

म्हणून आता आमच्याकडे नियम केला आहे. साचा चौदा यंत्रांवर जाण्याआधी एका यंत्रावर उतरतो. तिथे एक मूल मराठीचा आणि उर्दूचा एकेक परिच्छेद वाचते आणि दोन्ही भाषांत आपले नाव टाइप करते. त्याला जमले तर बिल्ड सक्सेसफुल. तोवर पडद्यावर काहीही लिहून येवो, काम अपुरे आहे.