बॅटरीनंही ओझं उचलावं

मानवतच्या मोंढ्याजवळ माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. पोळ्याच्या आगेमागे इथं पाय ठेवायला जागा नसते. सोळा लिटरच्या बॅटरी पंपात पाणी सोळा किलो, रिकामा पंप पाच-सहा किलो, त्यातले अडीच किलो एकट्या बॅटरीचे. एकरभर कापसाला अशा आठ-दहा टाक्या, त्याही काळ्या रानातल्या चिखलात. गडी संध्याकाळी पंप उतरवतो तेव्हा खांद्यावर पट्ट्याचे वळ असतात. बॅटरी मोटार चालवते, पण पंपाच्या अंगाला तिचा काडीचा आधार नाही. उलट तिलाच सांभाळायला वेगळा खण लागतो.

स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात लीफ आस्प यांच्या गटानं सांगाडा आणि बॅटरी एक करून दाखवली आहे. कार्बनचे जे तंतू ताण पेलतात, तेच वीज साठवतात; धन बाजूच्या तंतूंवर लिथियम आयर्न फॉस्फेटचा लेप असतो. 2021 साली त्यांचा नमुना किलोमागे 24 वॅट-तास साठवत होता. 2024 साली 30, आणि ताठपणा ॲल्युमिनियमच्या तोडीचा. मोबाइलच्या बॅटरीपुढे हा साठा फारच थोडा. पण आमच्या पंपातली 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासांची ॲसिड बॅटरी भरते 96 वॅट-तास. तेवढ्याला हा नवा माल सव्वातीन किलो लागेल. आत औषधासाठी पातळ अस्तर ठेवून बाहेरचं सगळं अंग त्याचंच केलं, तर माझ्या अंदाजानं किलो-दीड किलो पाठीवरून उतरेल. बावीस किलोत दीड किलो म्हणजे काय, असं खुर्चीत बसून वाटेल. दहावी टाकी पाठीवर घेणाऱ्याला विचारा.

या शोधाबद्दल बोलताना विमानं आणि मोटारी पुढे येतात. माझी मागणी आहे की परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं यातून फवारणी पंपाचा नमुना करायला घ्यावा. कार्बनचे तंतू महाग आहेत, हे मलाही दिसतं. त्याहून मोठी काळजी मला तडा जाण्याची आहे. पंप बांधावर आपटतो, टेम्पोतून पडतो. आज टाकी फुटली तर बॅटरी वाचते, बॅटरी बसली तर टाकी वाचते. अंगच बॅटरी झालं की एका तड्यात दोन्ही जातील. म्हणून ते अंग चार तुकड्यांचं असावं, स्क्रू काढले की सुटणारं. फुटलेला तेवढा तुकडा मानवतला मिळावा आणि त्याच दिवशी बसवून देता यावा. फवारणी दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही.