गालिचा नवा, इतिहास कोरा

१/ १९११ साली सहावा निजाम मीर महबूब अली खान याने रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट मागवली. त्याच वर्षी तो निवर्तला आणि सिंहासनासारखे आसन असलेली ती पिवळी मोटार सातव्या निजामाकडे आली. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे.

२/ जुन्या मोटारींचे मूळ आसनवस्त्र उसवून नवी मखमल, नवा गालिचा घालणे, यालाच अनेक जण जीर्णोद्धार म्हणतात. वस्तुतः तो पुराव्याचा नाश आहे. सुटा भाग पुन्हा घडवता येतो. झिजेची खूण घडवता येत नाही.

३/ “चकाकीवाचून प्रेक्षक येत नाहीत,” हा युक्तिवाद लंगडा आहे. निजामाची ही मोटार फारच थोडी धावली. अशा गाडीतला न झिजलेला जुना गालिचा उधळपट्टीची साक्ष देतो. नवा गालिचा मुका असतो.

४/ धाराशिवचा बराच मुलूख ‘सर्फ-ए-खास’ होता. तिथला शेतसारा १९४९ पर्यंत निजामाच्या खासगी खजिन्यात जाई. मोटारीचे वैभव दाखवताना खजिना भरणारी ही रयत विसरणे हा अर्धवट इतिहास होय.

५/ म्हणून आधी जतन, मग दुरुस्ती. नवा टाका जुन्याहून वेगळा ओळखू यावा. आणि फलकावर कारागिराच्या शेजारी रयतेलाही जागा मिळावी.